न मोजलेला वाचक

मासिकाची पानं सोळाच्या हिशेबाने चालतात. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना आठ-आठ पानं छापायची, घड्या घालायच्या, कडा कापायच्या, की झाला एक फर्मा. चार फर्म्यांचा अंक म्हणजे ६४ पानं, वर मुखपृष्ठाची चार. ६३ पानांचा अंक निघत नाही आणि ६५ पानांचाही निघत नाही. ज्यांनी कधी अंक लावलेला नाही त्यांना हे क्षुल्लक वाटेल, पण आमच्या कामातला बराचसा आनंद आणि बरीचशी मारामारी या सोळाच्या पाढ्यातूनच यायची. छपाईच्या आदल्या संध्याकाळी एखादी पूर्ण पानाची जाहिरात रद्द व्हायची आणि ते पान कोणीतरी भरायचं असायचं. पाव-अर्ध पान असेल तर पानपूरकांवर भागायचं. सबंध पान असेल तर कपाटातली 'बघू' असं लिहिलेली फाइल निघायची, आणि त्या फायलीतून जे बाहेर यायचं ते शहाण्या नियोजनातून कधीच आलं नसतं.

मी उपसंपादक असताना अशाच एका संध्याकाळी नकाशांवरचा एक लेख आत गेला. नकाशे काढणारे लोक, आपलं काम कोणी चोरलं तर पकडता यावं म्हणून, प्रत्यक्षात नसलेली एखादी गल्ली मुद्दाम नकाशात घालून ठेवतात, असा तो विषय. तो कोणी मागितलेला नव्हता, लेखक कोणाला माहीत नव्हता, आणि संपादकांनी "छान आहे, पण आपला नाही" म्हणून तो बाजूला ठेवला होता. 'साभार परत' व्हायचाच काय तो राहिला होता. एका घड्याळाच्या जाहिरातीने ऐनवेळी दगा दिला म्हणून छापला गेला. किती लोकांनी वाचला? कल्पना नाही. थोडी पत्रं आली, त्यातलं एक चांगलंच रागावलेल्या नकाशेवाल्याचं होतं. तेवढंच.

कल्पना नसणं ही तेव्हा आम्हाला उणीव वाटायची. आता वाटतं, मासिकाचा सगळा डोलारा दोन खांबांवर उभा होता: दुसऱ्याचा पैसा आणि संपादकाचं अज्ञान. तंत्रज्ञानाने आधी पहिला काढला, मग दुसरा.

'इंटरनेटने मासिकं मारली' हे वाक्य मी इतक्या समारंभांत ऐकलंय की आता ते कानावर आलं की मी चहा घ्यायला उठते. कागद विरुद्ध पडदा या भांडणात मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण मासिक हे मुळात यंत्राचंच अपत्य आहे. लंडनमध्ये एडवर्ड केव्हने १७३१ साली 'जंटलमन्स मॅगझिन' काढलं, त्यानंतर दीडशे वर्षं मासिक ही बव्हंशी सुखवस्तू लोकांची चैन होती. चित्र छापायचं तर ते लाकडी ठोकळ्यावर हाताने कोरावं लागे. १८८० नंतर हाफटोन आलं आणि छायाचित्र बारीक ठिपक्यांत फोडून थेट छापता येऊ लागलं. १८८६ मध्ये लायनोटाइप आलं आणि एकेका अक्षराचा खिळा जुळवण्याऐवजी अख्खी ओळ शिशात ओतून मिळू लागली. मग १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँक मन्सीने आपल्या मासिकाची किंमत २५ सेंटांवरून एकदम १० सेंटांवर आणली. अंक काढायला येणाऱ्या खर्चापेक्षाही ती कमी होती. लोकांना तो वेडा वाटला असेल, पण गडी पक्का होता. खप भराभर वाढला, आणि तो खप दाखवून त्याने साबणवाल्यांकडून, सायकलवाल्यांकडून जाहिराती घेतल्या.

त्या दिवसापासून वाचक हा मासिकाचा माल झाला आणि गिऱ्हाईक झाला जाहिरातदार. ऐकायला कडू आहे, पण याच व्यवहारावर पुढची शंभर वर्षं भरपूर चांगलं लेखन पोसलं गेलं. 'मॅक्लूअर्स' मासिकात पत्रकार आयडा टार्बेल यांनी १९०२ ते १९०४ स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या कारभाराची लक्तरं हप्त्याहप्त्याने वेशीवर टांगली. असा दीर्घ शोध घ्यायला लागणारा वेळ आणि पगार कोणीतरी भरत होतं, आणि तो एकट्या वाचकाच्या नाण्यांतून निघण्यासारखा नव्हता. ही सोय होती, आणि सोयीला तत्त्वाची झूल घालायची गरज नाही.

या व्यवहाराचा विचित्रपणा 'लाइफ'च्या जन्मातच दिसतो. हेन्री लूसने नोव्हेंबर १९३६ मध्ये हे छायाचित्रांचं साप्ताहिक काढलं. जाहिरातींचे दर ठरले होते अडीच लाख प्रतींच्या अंदाजाने. अंक हातोहात संपले, मागणी काही पटींनी वर गेली, आणि जादा छापलेली प्रत्येक प्रत तोट्यात भर घालू लागली, कारण वाचकाच्या १० सेंटांत ती निघतच नव्हती आणि जाहिरातदार जुन्या दराने बसलेला होता. खप वाढतोय म्हणून मालकाच्या पोटात गोळा येतो, असा धंदा दुसरा कुठला असेल मला माहीत नाही.

आणि शेवटही तसाच आला. टेलिव्हिजन घरोघर पोचल्यावर साबणवाल्याला कोट्यवधी माणसं एका संध्याकाळी मिळू लागली. ती गोळा करायला मासिकाची गरज उरली नाही. 'कोलियर्स' १९५७ मध्ये बंद पडलं तेव्हा त्याचा खप चाळीस लाखांच्या आसपास होता. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'ने तर १९६८ मध्ये आपलेच वर्गणीदार कापले. ६८ लाखांवरून ३० लाखांवर यायचं ठरलं. ज्यांच्या पत्त्यावरून ते जाहिरातदाराच्या कामाचे वाटत नव्हते, त्यांना काढायचं. वर्षानुवर्षं अंकाची वाट बघणाऱ्या माणसाला एक दिवस कळतं की आपण पुरेसे खर्चिक नाही. एवढं करूनही पुढच्याच वर्षी 'पोस्ट' बंद पडलं. मग १९७१ मध्ये 'लुक', आणि डिसेंबर १९७२ मध्ये साप्ताहिक 'लाइफ', तेही पन्नास लाखांच्या वर खप असताना. टपालाचे दर वाढत होते, म्हणजे पुन्हा तेच: जितके वाचक जास्त तितका भुर्दंड जास्त. पहिला खांब तेव्हाच कलला होता. वाचक भरपूर होते आणि मासिकं मरत होती, हे तेव्हा नीट वाचलं गेलं असतं तर पुढची पन्नास वर्षं 'लोक वाचत नाहीत हो' हे रडगाणं आपण गायलो नसतो.

त्यानंतर लहान, एका विषयाला वाहिलेल्या मासिकांचा बहर आला. छायाचित्रण, गिर्यारोहण, शिवणकाम, बुद्धिबळ. टीव्हीला इतकी थोडी माणसं नको होती. १९८५ मध्ये संगणकावर पानं लावणारा पेजमेकर आला, जोडीला लेझर प्रिंटर होता, आणि दोन टेबलांच्या खोलीतूनही अंक निघू लागला. माझी उमेदवारी ऐन त्या सांध्यावरची. आधी जुळलेला मजकूर ब्रोमाइडच्या लांब पट्ट्यांवर यायचा; त्या कापून, मागे चिकट लावून, निळ्या रेघांच्या तक्त्यावर बसवायच्या. शेवटच्या प्रुफात एखादा काना राहिलेला दिसला तर ब्लेडच्या टोकाने दुसऱ्या पट्टीवरचा काना कापून आणून तिथे लावायचा, आणि तोवर कोणी शिंकायचं नाही. वर्षभरात हे सगळं गेलं. पट्ट्या लावणारे दोघे गेले, जुळणीवालेही गेले. आम्ही लेखणीवाले काही रडलो नाही. उलट नव्या यंत्रासमोर बसायला मिळतं म्हणून खूश होतो. यंत्र आपल्या ताटाशी येईपर्यंत माणसाला तत्त्वज्ञान सुचत नाही.

सगळ्यात गमतीशीर गोष्ट संगणकाच्या मासिकांची. ज्यांनी लोकांना संगणक विकत घ्यायला शिकवलं, मोडेम जोडायला शिकवलं, ती त्याच दोरीने खाली ओढली गेली. 'कॉम्प्युटर शॉपर' ऐन भरात आठशेहून जास्त पानांचं असे, त्यातली बहुतेक जाहिराती. २००९ मध्ये त्याची छपाई थांबली. २०२३ मध्ये 'मॅक्सिमम पीसी' आणि 'मॅकलाइफ' छापायचे बंद झाले. काय घ्यावं हे बघायला जो माणूस अंक चाळायचा, तो आता शोधपेटीत शब्द टाकत होता, आणि जाहिरात त्या शब्दाच्या शेजारीच उगवत होती. जाहिरातदाराच्या बाजूने बघितलं तर त्यात गैर काय? सहा लाख लोकांसमोर ओरडण्यापेक्षा, घ्यायला निघालेल्या सहाशेंच्या कानात बोललेलं बरं.

मध्ये एक मृगजळही येऊन गेलं. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड आला आणि प्रकाशकांना वाटलं, सुटलो. 'वायर्ड' या तंत्रज्ञानाच्या मासिकाची त्यावरची पहिली आवृत्ती महिन्याभरात लाखावर गेली. अर्धा गिगाबाइटचं ते धूड उतरवून घ्यायलाच लोकांची संध्याकाळ जात होती, पण नवलाई होती. वर्ष संपायच्या आत महिन्याचा आकडा पंचवीस हजारांच्या खाली आला. पुढच्या वर्षी वर्गणीची सोय झाली तर तिथे दुकानदाराचा, म्हणजे अॅपलचा, हिस्सा ३० टक्के, आणि वर्गणीदाराचं नाव-पत्ता त्याने स्वतः हो म्हटलं तरच मिळणार. मासिकाला पैशापेक्षा तो पत्ता महत्त्वाचा होता. मालक स्वतःच्याच दुकानात पोटभाडेकरू झाला.

'न्यूजवीक' २०१० मध्ये एका डॉलरला विकलं गेलं, अर्थात डोक्यावरच्या देण्यांसकट. २०१२ च्या शेवटच्या दिवसाच्या तारखेचा त्याचा छापील अंक हा शेवटचा म्हणून जाहीर झाला आणि मुखपृष्ठावर हॅशटॅग होता, म्हणजे मारेकऱ्याच्याच लिपीत मृत्युपत्र. (सव्वा वर्षाने ते पुन्हा छापायला लागलं, ही गोष्ट निराळी. या धंद्यात अंत्यविधी कायमचे नसतात.) २०२२ मध्ये 'एंटरटेनमेंट वीकली', 'इनस्टाइल' धरून एकाच घरातली सहा मासिकं एका फटक्यात छापील जगातून उठली. २०२३ मध्ये १८८८ पासूनच्या 'नॅशनल जिओग्राफिक'ने आपले उरलेसुरले पगारी लेखक कमी केले. ही यादी कितीही लांबवता येईल, पण मला दुसऱ्या खांबाबद्दल बोलायचं आहे, कारण तो पडताना आवाज झाला नाही.

आमच्या कचेरीत भिंतीवर एक पडदा लागला. त्यावर संकेतस्थळावरचा प्रत्येक लेख आणि त्याच्यापुढे हलणारा आकडा: या क्षणी किती जण वाचतायत, कुठून आलेत, किती वेळ थांबले, कितव्या परिच्छेदाला पळाले. वर चढणारा लेख हिरवा, उतरणारा लाल. पहिले काही दिवस आम्ही सगळे लहान मुलांसारखे त्याच्यासमोर उभे असायचो. जन्मभर अंधारात बोलत आलेल्या माणसाला पहिल्यांदा समोरचे चेहरे दिसावेत, तशी ती भूल होती. मग हळूहळू बैठकांची भाषा बदलली. "हा लेख कसा आहे?" याच्या जागी "हा चालेल का?" आलं, आणि त्याचं उत्तर द्यायला वाचायची गरज नव्हती. मथळे सकाळी एक, दुपारी दुसरे. बुजुर्ग लेखकाचा चार महिने खपून लिहिलेला लेख जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाल झाला की त्याच्याकडे बघवत नसे.

अंकात असं होत नव्हतं. अंक अख्खा विकला जायचा किंवा अख्खा पडून राहायचा. वाचक राशिभविष्यासाठी घेतो, शब्दकोड्यासाठी घेतो की मधल्या बारा पानी लेखासाठी, हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, म्हणून कोणालाच त्या लेखाविरुद्ध पुरावा देता येत नव्हता. मालकाने भुवया उंचावल्या की संपादक म्हणायचा, "आपल्या वाचकाला हे आवडतं." हा 'आपला वाचक' कोणी पाहिलेला नव्हता. तो संपादकाने स्वतःपेक्षा थोडा शहाणा, थोडा जास्त धीराचा असा कल्पिलेला माणूस होता, आणि त्याच्यासाठी लिहिता लिहिता लेखनही थोडं वर चढायचं. भिंतीवरच्या पडद्याने तो माणूस पुसून टाकला आणि त्याच्या जागी खरा वाचक आणून बसवला, जो पाऊण मिनिटात कंटाळतो. मीही त्याच्यासारखीच कंटाळते, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

दुसरा बदल जागेचा. पडद्यावर फर्मा नाही, सोळाचा पाढा नाही, पान कमी पडत नाही. हवं तितकं लिहा. गंमत अशी की जागा अमर्याद झाली आणि आगंतुकाला मात्र जागा राहिली नाही. रिकामं पान नसेल तर ते भरायची निकड नाही, आणि निकड नसेल तर 'बघू'ची फाइल उघडायचं कारणही नाही.

जुन्या काळाची आरती ओवाळायची मला इच्छा नाही. त्या अज्ञानाच्या आडोशाला भिकार मजकूरही सुखाने नांदला. संपादकाच्या मित्राचं सदर, जे मुद्रितशोधकालाही झोपवायचं, ते वर्षानुवर्षं चाललं, कारण कोणी वाचत नाही हे सिद्ध करता येत नव्हतं. आणि आकडे तेव्हाही सोवळे नव्हते. एक प्रत घरात, दवाखान्यात मिळून किती जण वाचतात याचे मनोरे जाहिरातदाराला दाखवले जायचे. अमेरिकेत दुकानांत गेलेल्या दहा प्रतींतल्या सहा-सात न विकताच राहायच्या; कितीदा फक्त मुखपृष्ठ फाडून पुराव्यादाखल परत यायचं आणि बाकीचा अंक लगद्यात.

पण निदान त्या थापा आपल्याला ठाऊक असायच्या. नवे आकडे यंत्राचे, म्हणून ते खरेच, असं धरून चाललं गेलं. फेसबुकवर लोक चलचित्रं फार वेळ बघतात म्हणून कित्येक प्रकाशकांनी लेखक कमी करून कॅमेरे घेतले. २०१६ मध्ये फेसबुकनेच मान्य केलं की बघण्याच्या सरासरी वेळेचा आपला आकडा फुगलेला होता. घरी गेलेले लेखक त्यामुळे परत आले नाहीत. मग लेखकच कशाला हवा, इथवर गोष्ट आली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या संकेतस्थळावर असे लेख सापडले ज्यांचे लेखक अस्तित्वातच नव्हते. नाव बनावट, ओळख बनावट, फोटो यंत्राने तयार केलेला. ते काम बाहेरच्या कंपनीकडून आलं होतं असा खुलासा झाला. आणि आता गूगल प्रश्नाचं उत्तर स्वतःच वर लिहून देतं, खालच्या दुव्यापर्यंत जायची अनेकांना गरजच वाटत नाही. 'रोलिंग स्टोन'च्या प्रकाशकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर दावा लावला आहे. ज्या आकड्यासाठी मथळे वाकवले, लेख कापले, माणसं घालवली, तो आकडाच आता आटतो आहे.

छापील अंकाचं आणखी एक होतं, तो विखुरलेला असायचा. 'गेम इन्फॉर्मर' हे व्हिडिओ गेमचं १९९१ पासूनचं मासिक. ऑगस्ट २०२४ मध्ये मालकांनी बंद केलं आणि त्याच दिवशी संकेतस्थळही उतरवलं; तीन दशकांचा मजकूर शोधायला जावं तिथे निरोपाचं एक पत्रक. २०२५ च्या मार्चमध्ये नवा मालक मिळून ते पुन्हा उभं राहिलं, हे नशीब. मधल्या काळात जुना लेख हवा असलेल्याला छापील गठ्ठे जपून ठेवणाऱ्यांच्या किंवा इंटरनेट अर्काइव्हच्या दारात उभं राहावं लागलं असणार.

मग टिकलं कोण? ज्यांनी मन्सीचा व्यवहार उलटा फिरवला ते, म्हणजे वाचकाकडून पुरते पैसे घेणारे. 'द न्यूयॉर्कर' आणि 'द इकॉनॉमिस्ट' आज वर्गणीदारांच्या जोरावर उभे आहेत. लंडनचं 'प्रायव्हेट आय' हे पाक्षिक इंटरनेटवर जवळजवळ काहीच फुकट देत नाही आणि त्याचा खप दोन लाखांच्या वर आहे. तसा हा मार्गही जुनाच; 'रीडर्स डायजेस्ट'च्या अमेरिकी आवृत्तीने १९५५ पर्यंत जाहिरात घेतलेली नव्हती. याच्या जोडीला एकेकट्या लेखकांची वर्गणीपत्रं आहेत, आणि त्यांतली काही मीही आवडीने वाचते. पण तिथे मला जे आवडतं ते मी आधीच निवडलेलं असतं. अस्तित्वात नसलेल्या गल्लीवरचा लेख मी पैसे देऊन मागवला असता का? अजिबात नाही.

माझी एक जुनी सहकारी अशाच वाचकांच्या पैशावर चालणाऱ्या नियतकालिकात आहे. त्यांच्याकडेही आकडे येतात, फक्त ती बघते तो आकडा निराळा: वर्गणी कोण बंद करतं आणि का. बंद करताना कारण विचारणारा एक छोटा फॉर्म असतो. महाग वाटतं, दर्जा घसरला, मतं पटत नाहीत, असे पर्याय. सगळ्यात जास्त खूण होते ती 'वाचून होत नाही' या ओळीवर. अंक साठत जातात, साठलेल्या ढिगाकडे बघून अपराधी वाटायला लागतं, आणि माणूस एक दिवस तो अपराधच रद्द करून टाकतो. गंमत म्हणजे वर्गणी चालू ठेवणाऱ्यांतले बरेचजणही अर्धा अंक वाचत नाहीत असं त्यांच्या पाहणीत दिसलं. न वाचलेल्या पानांचे पैसे लोक राजीखुशीने भरतात, आणि कुठलं पान न वाचलेलं राहावं हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. यावर व्यवस्थापनाने सुचवलं की लेख आखूड करा. संपादकांचं म्हणणं, लेख तेवढेच ठेवा, वर्षाचे अंक कमी करा. तिचा मला परवा फोन आला तेव्हा बैठक तिसऱ्यांदा पुढे ढकलली गेली होती.